ड्रमसेट उजळण्याआधी त्याची ओळख पटवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी वाद्यं घरच्या घरी नवी कशी करावीत, यावर आपल्या रविवार पुरवणीत लेख आला होता. त्यात ड्रमसेटबद्दल तीन उपाय सुचवले होते. धातूचे सगळे भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावेत, बाहेरचं प्लॅस्टिकचं आवरण हीट गननं तापवून सोलावं आणि शेल, म्हणजे ड्रमचा गोल सांगाडा, आतून घासून त्याला वार्निश मारावं. आम्ही जुन्या ड्रमची दुरुस्ती करतो, म्हणून हे पत्र. १९४० ते १९७० या काळातल्या सेटवर हे तिन्ही उपाय केले, तर पहिल्यानं लग (शेलवर बसवलेले आवळणीचे धातूचे तुकडे) खराब होतात, दुसऱ्यानं आग लागू शकते आणि तिसऱ्यानं तो ड्रम कोणाचा व कधीचा हे सांगणारा सगळ्यात भरवशाचा पुरावा पुसला जातो. हा तिसरा तोटा कशानंच भरून येत नाही, म्हणून आधी ओळख पटवण्याबद्दल लिहितो.

ड्रम हाती आला की बहुतेक लोक बॅज, म्हणजे शेलवरची कंपनीच्या नावाची पट्टी, बघतात, त्यावरचा नंबर टिपतात आणि नंबरावरून साल काढतात. हा रस्ता कच्चा आहे. लुडविग या अमेरिकी कंपनीनं १९६३च्या अखेरीस बॅजवर नंबर घालायला सुरुवात केली. लगेच ९ फेब्रुवारी १९६४ला बीटल्स अमेरिकी टीव्हीवर एड सुलिव्हनच्या कार्यक्रमात दिसले, त्यांचा ड्रमवादक रिंगो स्टार याच्या काळ्या ऑयस्टर पर्लच्या (मोतिया आवरणाच्या) सेटवर लुडविगचं नाव ठळक दिसलं आणि कारखान्याला मागणी पुरवणं कठीण झालं. बॅज हाताला येतील तसे शेलवर लागत गेले. त्यामुळे एकाच दिवशी तयार झालेल्या दोन ड्रमच्या नंबरांत हजारोंचा फरक सापडतो आणि एका मूळ सेटमधल्या तीन ड्रमचे नंबर सलग नसणं हेच नेहमीचं आहे. नंबर जुळत नाहीत म्हणून सेट जोडतोड करून बनवलेला आहे असा निष्कर्ष काढू नये. नंबर सलग आहेत म्हणून हुरळूनही जाऊ नये.

खरी माहिती आत असते. वरचं हेड, म्हणजे वाजवायचा पडदा, काढा आणि विजेरी घेऊन शेलच्या आत नीट बघा. साठच्या दशकातल्या अनेक लुडविग शेलमध्ये लाल शाईचा तारखेचा शिक्का असतो. तो कधी वाकडा, कधी अर्धवट, कधी कडेच्या रिंगजवळ दडलेला असतो. ती तारीख शेलची असते. त्या शेलचा ड्रम होऊन बाहेर पडायला काही आठवडे लागलेले असू शकतात. सगळ्या शेलवर शिक्का मिळत नाही, पण मिळाला तर नंबरापेक्षा त्यावर जास्त विश्वास ठेवावा. शिक्का नसेल तर आतला रंग बघा. साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत लुडविगचे शेल आतून पांढरे रंगवलेले असत. मग राखाडी ठिपक्यांचा जाड रंग आला आणि साधारण १९६८पासून लाकूड दिसेल असं पारदर्शक फिनिश. या बदलांच्या मधल्या काळात दोन्ही प्रकारचे शेल बाहेर पडले, त्यामुळे एक-दोन वर्षांचा पल्ला धरावाच लागतो. शेलला तीन थर आणि वर-खाली आतून लाकडी रिंग असेल तर तो सत्तरच्या दशकाच्या मध्याच्या आधीचा. रिंग नसलेला सहा थरांचा शेल त्यानंतरचा. बॅजचा आकारही उपयोगी पडतो. वर रुंद, खाली निमुळता असा 'कीस्टोन' बॅज साधारण १९६० ते १९६९ या काळातला, निळा-ऑलिव्ह बॅज त्यानंतरचा. मात्र बॅज हा शेवटचा साक्षीदार मानावा, कारण तो काढून दुसरीकडे लावता येतो आणि नकली बॅजही विकत मिळतात.

ग्रेच या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या शेलला आतून चंदेरी रंग असतो. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांचे शेल सहा थरांचे झाले आणि आतल्या रिंग गेल्या. गोल बॅज १९७१पर्यंत, त्यानंतर अष्टकोनी. काही शेलच्या आत मॉडेल क्रमांकाचा कागदी लेबल असतो, म्हणून आतून ओल्या फडक्यानं पुसण्याआधी कागद कुठे आहे ते पाहून घ्यावं. ग्रेचच्या हूप (हेड दाबून धरणाऱ्या कड्या) ओतीव असत, हेही ओळखीचं चिन्ह. स्लिंगरलँड या अमेरिकी कंपनीचा कारखाना १९६०च्या सुमारास शिकागोहून नाइल्सला गेला. ढगाच्या आकाराच्या बॅजवर शिकागो लिहिलंय की नाइल्स, यावरून अंदाज येतो. त्यांच्या 'रेडिओ किंग' नावाबद्दल एक गैरसमज कायम भेटतो. वाफेवर वाकवलेल्या एकाच मेपलच्या पट्टीचा शेल हा त्या नावाच्या स्नेअरचा, म्हणजे खालच्या हेडला तारा असलेल्या ड्रमचा. त्याच काळातल्या टॉम (तारा नसलेले मधल्या आकाराचे ड्रम) आणि बेस ड्रमचे शेल थरांचेच आहेत. तीन थर दिसले की 'हा खोटा रेडिओ किंग' म्हणून टॉम नाकारणारे लोक आम्ही पाहतो. रॉजर्स या अमेरिकी कंपनीच्या बाबतीत आतल्या लेबलवरचं गाव बघा. क्लीव्हलंड, मग डेटन, मग फुलर्टन असा क्रम लागतो. त्यांचे सुरुवातीचे लग पितळी पत्र्याचे होते आणि ते स्क्रूपाशी चिरतात. साठच्या दशकातच त्यांची जागा ओतीव लगनी घेतली.

इंग्लंडच्या प्रीमियरचे जुने ड्रम घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच तपासावी. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांची मापं आंतरराष्ट्रीय मापांशी जुळत नव्हती. चौदा इंची म्हणून विकलेल्या ड्रमवर आजचं चौदा इंची हेड बसत नाही. लाकूड खरवडून ते बसवायचा प्रयत्न करू नये. त्या मापाची हेड वेगळी मागवावी लागतात. जर्मनीच्या सोनोरचे पन्नास-साठच्या दशकातले ड्रम थेंबाच्या आकाराच्या लगवरून आणि खाच असलेल्या टेन्शन रॉडवरून (हेड आवळणाऱ्या लांब स्क्रूवरून) लगेच ओळखू येतात. त्या रॉडना चौकोनी डोकं नसतं, ते स्क्रूड्रायव्हरनं फिरतात, म्हणून ते 'बदललेले' समजून टाकून देऊ नका.

आणि जपानी सेट. बीटल्सनंतरच्या लाटेत जपानी कारखान्यांनी असंख्य दुकानांच्या नावांनी सेट बनवून पाठवले. लग आणि बॅज अमेरिकी कंपन्यांसारखे दिसतील असे, शेल मात्र लुआन नावाच्या लाकडाचा. आतून बघितलं की लुआन लपत नाही. लालसर तपकिरी, खरखरीत, उघड्या रेषांचा आणि बहुधा रंग न दिलेला. मेपल फिकट, घट्ट आणि गुळगुळीत असतो. हे सेट वाईट नाहीत. घरी वाजवायला उत्तम आहेत आणि त्यांच्यावर हात चालवून दुरुस्ती शिकावी असं आमचं स्पष्ट मत आहे. अडचण एकच. त्यांच्यावर कीस्टोन बॅज ठोकून लुडविग म्हणून खपवले जातात. बॅजच्या मधल्या पितळी कडीचं भोक ताजं कापलेलं आहे का, कडीभोवती रॅपला (बाहेरच्या प्लॅस्टिकच्या आवरणाला) नवी चीर आहे का आणि बॅज थोडा फिरवला तर खाली जुन्या बॅजची सावली दिसते का, ते बघा.

सावली ही या कामातली मोठी खूण. रॅप उजेडानं फिका किंवा पिवळा पडतो, पण लगखालचा भाग मूळ रंगाचा राहतो. एक लग काढा. खाली लगच्याच आकाराचा गडद ठसा असेल तर लग आणि रॅप बरोबरच जुने झाले आहेत. ठसा नसेल किंवा भलत्याच आकाराचा असेल तर काहीतरी बदललंय. साठच्या दशकातल्या लुडविग शेलवर रॅपचं एक टोक बाहेरच्या थराच्या सांध्यात खोचलेलं असतं. नंतर नव्यानं चढवलेल्या रॅपवर साधा एकावर एक असा जोड दिसतो. बेस ड्रमच्या लाकडी हूपमधली रंगीत पट्टी क्लॉखाली (हूप पकडणाऱ्या आकड्याखाली) बघावी, तिथेही तीच परीक्षा लागू पडते.

धातूसाठी एक लहान चुंबक खिशात ठेवा. पोलादाची हूप चुंबकाला चिकटेल, पितळ आणि ॲल्युमिनियम चिकटणार नाही. लुडविगच्या सुप्राफॉनिक स्नेअरचा शेल सुरुवातीला पितळी होता, १९६३च्या आसपास तो ॲल्युमिनियमचा झाला. दोन्हींवर क्रोमचा मुलामा असल्यामुळे दिसायला फरक नाही, वजनात मात्र लगेच जाणवतो. ॲल्युमिनियमच्या शेलवर क्रोमखाली पुरळ उठल्यासारखे खड्डे पडतात आणि पुढे मुलामा सुटतो. हा दोष त्या धातूवरच्या मुलाम्याचा आहे. तो कशानं घासून जात नाही. घासलं तर उरलेला मुलामा सुटतो. आवाजावर त्याचा काहीही परिणाम होत नाही, म्हणून तसाच राहू द्यावा.

आता खोलणं. प्रत्येक ड्रमचे चारी बाजूंनी आणि आतून फोटो काढा. मग एका वेळी एकच ड्रम खोला. सगळे एकदम खोलून स्क्रूंचा एक ढीग करणं ही सर्वाधिक घडणारी आणि सर्वाधिक महाग पडणारी चूक. लग ज्या जागेवरून निघाला तिथेच परत जायला हवा, कारण भोकं हातानं पाडलेली असतात आणि दुसऱ्या जागी तोच लग किंचित तिरका बसतो. शेलच्या आतल्या बाजूला कुठेही पेन्सिलनं लिहू नका, कागदी चिकटपट्टीवर क्रमांक लिहा. प्रत्येक लगची पिशवी वेगळी, तिच्यात त्याचे दोन स्क्रू, चकत्या आणि आतली स्प्रिंग.

अमेरिकी ड्रमचे टेन्शन रॉड बहुतेक १२-२४ आट्यांचे असतात. म्हणजे जाडी साधारण साडेपाच मिलिमीटर आणि एका इंचात २४ आटे. लगचे स्क्रू बहुधा ८-३२. इंग्लिश ड्रमचे आटे निराळे, जर्मन ड्रमचे मेट्रिक. दिसायला जवळ असलेला सहा मिलिमीटरचा मेट्रिक रॉड जोर लावला तर १२-२४च्या नटात दोन-तीन फेरे जातो आणि नटाचे आटे कापतो. कसोटी सोपी. रॉड बोटांनीच पाच-सहा फेरे आत गेला पाहिजे. नाही गेला तर चावी हातातही घेऊ नका. लगचा स्क्रू बदलताना लांबी मूळ स्क्रूएवढीच ठेवा. दोन मिलिमीटर जास्त लांब स्क्रू आतल्या तळाला टेकतो, आपल्याला वाटतं अजून सैल आहे, आपण आवळतो आणि ओतीव लग मागून फुटतो.

लग बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, वर तांबं-निकेल-क्रोमचे थर. आम्ल जस्त खातं. मुलाम्यात जिथे सुईच्या टोकाएवढं छिद्र असेल तिथून व्हिनेगर आत शिरतं, खालचं जस्त पोखरतं आणि वरचं क्रोम फुगून सुटतं. रात्रभर बुडवलेला लग सकाळी चकचकीत दिसतो. फोड नंतर येतात, म्हणून दोष व्हिनेगरला दिला जात नाही. पोलाद, पितळ आणि जस्त एकाच भांड्यात बुडवू नये हेही तितकंच खरं. लगसाठी कोमट पाणी, भांडी घासायचा सौम्य साबण, मऊ दात-ब्रश आणि लगेच कोरडं करणं एवढं पुरतं. कोरडं करताना आतली स्प्रिंगची पोकळी विसरू नका, पाणी तिथे राहतं.

पोलादी हूपवरचा गंज वेगळा. तिथे ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासा. क्रोम कठीण आणि फॉइल मऊ, त्यामुळे गंज निघतो, ओरखडा पडत नाही. खोल गंजाला तेल लावून अतिबारीक, चार शून्यांचं स्टील वूल चालतं. पण आधी तो क्रोमच आहे याची खात्री करा. क्रोमची चमक निळसर आणि थंड, निकेलची पिवळसर. १९६०च्या आधीच्या अनेक अमेरिकी ड्रमवर निकेल आहे आणि निकेल मऊ असतं. त्यावर स्टील वूल फिरवलं की काही मिनिटांत खालचं पितळ डोकावतं. निकेलला मऊ कापड आणि थोडं धातूचं पॉलिश, तेही हात आवरून. पुन्हा मुलामा चढवून घेण्याचा सल्ला आम्ही कधीच देत नाही. मुलामा देण्याआधीच्या घासण्यात कडा आणि कोरीव अक्षरं बोथट होतात.

अडकलेला रॉड असेल तर आत झिरपणारं तेल टाकून रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी घट्ट करण्याच्या दिशेनं किंचित हलवून मग उलट फिरवा. लग शेलवर असताना तापवू नका.

त्याचं कारण रॅप. जुन्या ड्रमवरचं मोत्यासारखं किंवा चमचमतं आवरण अनेकदा सेल्युलोज नायट्रेटचं असतं. सिनेमाच्या जुन्या ज्वालाग्राही फिल्म याच पदार्थाच्या असत. ते पेटलं की फडक्यानं विझत नाही. हीट गन, विजेचं बफिंग यंत्र, घासकामाची तापणारी चकती हे सगळं त्यापासून लांब ठेवा. झाकलेल्या जागी अंगठ्यानं जोरात घासल्यावर कापरासारखा वास आला तर ते नायट्रेट समजा. वास आला नाही म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका. पुढच्या काळात दुसरी प्लॅस्टिकं आली, पण एखाद्या ड्रमवर नेमकं काय आहे हे नुसतं पाहून ठरत नाही, म्हणून सगळ्याच जुन्या रॅपला नायट्रेटच्या नियमानं वागवणं शहाणपणाचं. पंचवीस-तीस मिनिटांचं काम वाचवायला उष्णता वापरणं परवडत नाही. आपल्या पुरवणीत दुसरं काही दुरुस्त करता आलं नाही तरी हीट गनबद्दलचं वाक्य मागे घेतल्याचं पुढच्या अंकात छापावं, ही विनंती.

रॅप साफ करायला साबणाचं पाणी, ओलसर कापड, मग कोरडं कापड. ॲसिटोन लागला की रॅप विरघळतो. अमोनियाचा काच-क्लीनर आणि स्पिरिटही नको. साबणानंतर प्लॅस्टिकसाठीचं बारीक पॉलिश हातानं फिरवलं तर धुरकटपणा बराच निघतो. पांढऱ्या मरीन पर्लचं (मोतिया रॅपचं) पिवळेपण पॉलिशनं थोडं कमी होतं, पूर्ण जात नाही. ते घालवण्यासाठी खरवडत बसणाऱ्यांना आम्ही एवढंच सांगतो की सगळ्या शेलवर पिवळेपण सारखं राहिलं तर डोळ्याला खटकत नाही, एकच टॉम पांढरा झाला तर कायम खटकतो.

जोडाजवळ रॅप सुटलेला असेल तर तो चिकटवता येतो. जुना सरस किंवा गोंद लाकडाच्या पातीनं खरवडा, दोन्ही बाजूंना संपर्क-गोंदाचा पातळ थर द्या, हाताला चिकटणार नाही इतका सुकू द्या आणि मग एकदाच दाबा, कारण हा गोंद दुसरी संधी देत नाही. वर कापडाची पट्टी आवळून एक दिवस ठेवा. पण रॅप आकसून जोडात फट पडली असेल तर ओढून फट मिटवायला जाऊ नका. वयानं आखडलेलं प्लॅस्टिक ताणलं की भोकांपाशी फाटतं. दोन-तीन मिलिमीटरची फट मागच्या बाजूला असते, तशीच ठेवावी. संपूर्ण रॅप बदलणं हा आमच्या लेखी शेवटचा मार्ग. रॅप चिरून तुकडे पडत असतील किंवा आधीच कोणी रंग फासला असेल तरच. तेव्हाही जुन्या रॅपचा लगखालचा एक तुकडा जपून ठेवा.

लाकडाकडे येऊ. शेलचा व्यास चार दिशांनी मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक जुन्या शेलमध्ये असतोच, हूप आणि हेड तो सांभाळून घेतात. तीनच्या वर गेला की हेड एका बाजूला अडकतं आणि त्या बाजूचे लग कधी सुरात येत नाहीत. आतली रिंग सुटली असेल तर आधी गोलाई मोजा आणि मगच चिकटवा. शेल लंबगोल असताना रिंग पक्की केली तर तो आकार कायमचा होतो. लाकडाचा साधा पिवळा किंवा पांढरा गोंद पातळ पातीनं फटीत सरकवा, रिंगभोवती दर आठ-दहा सेंटिमीटरला एक क्लॅम्प, क्लॅम्पखाली लाकडाचा तुकडा, बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या कापडानं पुसा आणि २४ तास हात लावू नका. सुटलेल्या थरांनाही हीच रीत. आतल्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नये. आतून कसलंही वार्निश नको. शिक्का आणि लेबल त्याखाली जातात, आणि वार्निशचा ओघळ कडेवर आला तर हेड सपाट बसत नाही.

हेड ज्या कडेवर टेकतं ती कड आवाजाचं मूळ आहे आणि सर्वाधिक नासाडी तिथेच होते. १९५७च्या सुमारास मायलर या प्लॅस्टिकची हेड बाजारात आली. त्याआधी वासराचं कातडं वापरत आणि कड त्यासाठी गोलसर ठेवत. ती गोलाई पुढेही काही वर्षं टिकली. जुन्या ड्रमचा भरीव, जरा कोरडा आवाज या गोलाईमुळे आहे. तीक्ष्ण आधुनिक कड कापून घेतली तर ड्रम वाईट वाजत नाही, पण वेगळा वाजतो आणि ते परत फिरवता येत नाही. म्हणून आधी मोजा. जाड काच किंवा घासलेली ग्रॅनाइटची फरशी घ्या, त्यावर शेल उलटा ठेवा, खोली अंधारी करा आणि शेलच्या आत दिवा ठेवा. जिथून उजेड येतो तिथे कड खाली आहे. साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. एकेरी कागद एखाद-दोन ठिकाणी सरकत असेल तर काहीच करू नका. तिहेरी घडी सरकत असेल तर काम आहे. फरशीवर १५० नंबरचा आणि शेवटी २२०चा पॉलिश कागद चिकटवा, कडेच्या माथ्यावर पेन्सिलनं रेघ ओढा, शेल हलक्या हातानं गोल फिरवा आणि दर दहा-बारा फेऱ्यांनी पाव वळसा देऊन पकड बदला, नाहीतर हाताच्या भारानं एकच बाजू झिजते. रेघ सगळीकडून पुसली गेली की थांबा. तयार झालेला सपाट माथा मग हातानं, कागदाच्या पट्टीनं पुन्हा गोल करायचा.

स्नेअरच्या खालच्या कडेला मात्र हा प्रयोग करू नका. तिथे समोरासमोर दोन उथळ खळगे मुद्दाम ठेवलेले असतात. तारा हेडला चिकटून बसाव्यात म्हणून. दिव्यापुढे ते दोष वाटतात. ते घासून सपाट केलेले स्नेअर आमच्याकडे येतात. मग तारा कितीही ताणल्या तरी कडेला उचललेल्या राहतात आणि ड्रम सतत किरकिरतो.

मधल्या काळात पाडलेली जादा भोकं बुजवण्याची घाई करू नये. आवाजाला त्यानं फरक पडत नाही. फार खुपत असेल तर आतून कागदी चिकटपट्टी लावा.

परत जुळवताना लगमधली स्प्रिंग वाजते ती फेल्टच्या तुकड्यानं शांत करा. फोम वापरू नका, काही वर्षांत त्याचा चिकट लगदा होतो. लगचा स्क्रू टेकल्यावर पाव फेरा पुरे, आणि आठवड्यानं पुन्हा बघा, कारण लाकूड दबतं. रॉडच्या आट्यांना ग्रीसचा अगदी पुसटसा हात.

हेड विकत घेण्याआधी शेलचा बाहेरचा व्यास रॅपसकट मोजा. आजचा चौदा इंची शेल प्रत्यक्षात ३५२-३५३ मिलिमीटरचा असतो, म्हणजे नावापेक्षा जवळपास तीन मिलिमीटर कमी. साठच्या दशकातले अनेक शेल त्याहून मोठे भरतात, वर जाड रॅप, आणि आजच्या हेडची कडी त्यावर घासत खाली जाते. असं हेड सुरात लागत नाही, एका लगवर आवळलं की समोरच्यावर सुटतं. लोक रॅपची कड तासून मोकळं होतात. त्यापेक्षा जुन्या शेलसाठी किंचित सैल कडीची हेड मिळतात, रेमो आणि ॲक्वेरियन दोघंही ती बनवतात. एकपदरी, वरून खरखरीत थर दिलेली हेड या कडांना सगळ्यात चांगली जुळतात. बेस ड्रमला आत उशी कोंबण्यापेक्षा सात-आठ सेंटिमीटर रुंद फेल्टची पट्टी हेडखाली, मध्यापासून थोडी बाजूला ठेवून बघा. त्या काळी तशीच लावत.

जे जे बदललं, म्हणजे स्क्रू, स्प्रिंग, हेड, चिकटवलेली रिंग, ते तारखेसह एका कागदावर लिहून फोटोंसोबत पाकिटात ठेवावं. काढलेले मूळ भाग, मोडके असले तरी, त्याच पाकिटात. पाकीट शेलच्या आत चिकटवू नये.

आपले,
जुन्या ड्रमची दुरुस्ती करणारे दोन वाचक